निराधारचा पगार आणि घरबसल्या अर्धवेळ काम: नेमकं कुठे अडतं

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझे मिस्टर पाच वर्षांपूर्वी घराचं काम करताना पडले, मणक्याला मार लागला, कंबरेखालची शक्ती गेली. अपंगत्वाचा दाखला ७५ टक्क्यांचा आहे. संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात. आता इतवारीतल्या दोन दुकानांच्या टॅलीच्या आणि जीएसटीच्या नोंदी घरूनच करायचं काम मिळतंय, दिवसाला तीन-चार तास, दोन्हीचे मिळून महिन्याला साडेसहा हजार. मी शिलाई करते, खर्च जाता वर्षाला चौदा हजारांच्या आसपास सुटतात. आमचा निराधारचा पगार बंद होईल का? ऑफिसात सांगायचं की गप्प राहायचं? आणि माझ्या भावाला मानसिक आजाराचा ५५ टक्क्यांचा दाखला आहे, तो माझ्या वडिलांजवळ अजनीला राहतो. वडील रेल्वेतून रिटायर आहेत. भाऊ घरी दोन तास प्रूफं तपासतो. त्याचं पुढे काय?"

ताई, आधी थेट उत्तर. काम करतात म्हणून निराधारचा पगार बंद होत नाही. घराचं वर्षाचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं की बंद होतो. आपल्याकडच्या बहुतेक योजना "किती तास काम केलं" हे विचारत नाहीत. त्या विचारतात तीन गोष्टी: कोणाचं उत्पन्न, कोणत्या वर्षाचं, आणि कोणत्या कागदावर. तुमच्या घरात अडचण कामाची नाहीच, साडेसहा हजार या आकड्याची आहे.

संजय गांधी निराधार योजनेत इतर लाभार्थ्यांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. पुष्कळ ठिकाणी अजूनही सगळ्यांना २१ हजारच सांगितले जातात, आणि लोक घाबरून हातचं काम सोडतात. तुम्ही अर्ज दिव्यांग प्रवर्गातून केला होता की दुसऱ्या, हे मंजुरीच्या आदेशावर बघून घ्या. रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० झाली, म्हणजे वर्षाचे ३०,०००. लक्षात ठेवायचा शब्द "कुटुंब". तुमची शिलाई यात धरली जाते.

आता हिशोब मांडू. साडेसहा हजारांनी वर्षाची जमा ७८,०००. यातून कामाचा खर्च वजा करायचा: इंटरनेट महिन्याला ६०० म्हणजे ७,२००, विजेचा कामापुरता वाटा महिन्याला ४०० म्हणजे ४,८००, कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी वर्षाला ५,०००, कागद, प्रिंट, मोबाईल ३,०००. एकूण २०,०००. हातात राहिले ५८,०००. तुमचे १४,००० मिळवले की घराचं उत्पन्न ७२,०००. मर्यादा ओलांडली, निराधारचे ३० हजार गेले. वर्षाअखेर घरात ७२,०००.

उलट काम थोडं कमी घेतलं आणि घराचं उत्पन्न ५० हजारांच्या आत ठेवलं, तर ५० अधिक ३०, असे ८० हजारांपर्यंत जाता येतं. म्हणजे जास्त काम करून घरात आठ हजार कमी येतात. कारण हा पगार हळूहळू कमी होत नाही. मर्यादेवर एक रुपया गेला की अख्खा जातो. म्हणून ५० हजार ते ८० हजार हा पट्टा सरळ खड्डा आहे. त्याच्या अलीकडे राहा नाहीतर पलीकडे उडी मारा, मध्ये उतरू नका. तुम्ही सध्या बरोबर त्याच खड्ड्यात उतरायला निघाला आहात.

अलीकडे राहायचं तर मिस्टरांच्या कामाची जमा महिन्याला ४,६०० च्या वर जाऊ नये. मी तर ४,२०० वरच थांबायला सांगेन, कारण दिवाळीत शिलाई वाढली की पाच-सहा हजार असेच चढतात. पलीकडे जायचं तर महिन्याला किमान ७,२०० हवेत, तेव्हा कुठे बरोबरी होते. त्यातही रेशन धरलेलं नाही. शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे. ती ओलांडली की माणशी पाच किलो फुकट धान्यही जातं. तीन माणसांचं घर असेल तर महिन्याला १५ किलो. ते बाजारभावाने विकत घेतलं तर काय पडतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यामुळे खरी उडी महिन्याला नऊ-साडेनऊ हजारांची धरा, म्हणजे दोनऐवजी तीन दुकानं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एकच दुकान घ्या. शरीर किती वेळ बसू देतं, दुकानदार पैसे वेळेवर देतो का, हे कळायला वर्ष लागतंच. तीन दुकानं पेलतात अशी खात्री झाली की पगार स्वतःहून सोडा. एकदा बंद झालेला निराधारचा पगार पुन्हा सुरू करायचा म्हणजे नवा उत्पन्नाचा दाखला, नवा अर्ज, पुन्हा मंजुरी. त्यात महिने जातात. म्हणून सोडण्याआधी सहा महिन्यांचा पगार, म्हणजे १५,००० रुपये, बाजूला पडलेले असावेत.

आता कागद. सगळं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरातल्या सेतू केंद्रातून करता येतो, दाखला तहसीलदारांचा. तो आर्थिक वर्षाचा असतो, १ एप्रिल ते ३१ मार्च. घरून काम करणाऱ्याकडे पगारपत्रक नसतं, त्यामुळे स्वयंघोषणा आणि तलाठ्याची चौकशी यावरच आकडा ठरतो. इथे लोक जमेचाच आकडा सांगून मोकळे होतात: "महिन्याला साडेसहा मिळतात हो." लगेच ७८ हजार लिहिले जातात. म्हणून एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर तारीख, कोणाकडून, किती, रोख की यूपीआय. उजव्या पानावर खर्च, आणि त्याची पावती मागे स्टेपल केलेली. ३१ मार्चला दोन्ही बाजूंची बेरीज करून एका कागदावर सही करा आणि तो दाखल्याच्या अर्जाला जोडा. पावत्यांसकट खर्च दाखवला तर उत्पन्न खर्च वजा जाता लिहिलं जावं, असं मागायला तुमच्याकडे आधार असतो.

इन्कम टॅक्स रिटर्नबद्दल सावध करतो, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं. रिटर्न भरलं म्हणून कोणतीही योजना बंद होत नाही. पण गाडीसाठी किंवा घरासाठी कर्ज हवं असलं की एजंट म्हणतो, "चार-साडेचार लाख दाखवून देऊ, टॅक्स तर लागतच नाही." टॅक्स लागत नाही हे खरं. पण तो आकडा पॅनवर कायमचा बसतो, आणि ५० हजारांच्या दाखल्यासोबत साडेचार लाखांचं रिटर्न पुढे आलं की तुमच्या बाजूने बोलायला कुणाला जागाच उरत नाही. रिटर्न भरायचं तर खऱ्याच आकड्याचं भरा.

दुसरी नेहमीची चूक बँक खात्याची. डिसेंबर २०२४ पासून निराधारचे पैसे डीबीटीने, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आधार एका वेळी एकाच खात्याशी डीबीटीसाठी जोडलेलं असतं, आणि शेवटी जिथे जोडलं तिथेच पैसे जातात. कामासाठी नवं खातं उघडताना बँकेच्या फॉर्मवर आधार सीडिंगच्या चौकटीत टिक केली की पुढचा पगार नव्या खात्यात जातो. घरातले जुनं पासबुक भरून बघतात आणि समजतात, काम सुरू केलं म्हणून पगार बंद केला. खातं वेगळं जरूर उघडा, कामाचे पैसे वेगळे दिसलेले केव्हाही चांगले, पण ती टिक करू नका. पगार आला नाही तर तहसीलला जाण्याआधी यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा. कोणती बँक आणि कोणत्या तारखेपासून, ते तिथे दिसतं.

सांगायचं की गप्प राहायचं, या प्रश्नाला माझं उत्तर एकच: सांगायचं, आणि लेखी. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर वेगळं पत्र लागत नाही. दाखल्यात आकडा येतो तेच सांगणं झालं. वर्षाची हयातीची पडताळणी तेवढी चुकवू नका. उत्पन्न मर्यादेबाहेर जाणार हे दिसलं की मात्र त्याच महिन्यात तहसीलच्या संजय गांधी शाखेला अर्ज द्या. मजकूर चार ओळींचा: लाभार्थ्याचं नाव आणि मंजुरी क्रमांक, अमुक तारखेपासून घरून लेखानोंदीचं काम सुरू, कुटुंबाचं अंदाजे वार्षिक उत्पन्न इतकं, त्यामुळे अमुक महिन्यापासून लाभ थांबवावा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तरीही पैसे येत राहिले तर ते खर्चू नका, खात्यात तसेच राहू द्या. पुढे वसुलीची नोटीस निघालीच तर ती शिक्क्याची प्रत आणि खात्यातली शिल्लक, दोन्ही तुमच्या बाजूने असतात. लपवलेलं बाहेर यायला आता तक्रारीचीही गरज राहिलेली नाही, आधार आणि पॅनवर बरंच आपोआप जुळतं.

काय जात नाही तेही सांगतो, कारण भीती बहुतेक या बाजूचीच असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कमाईवर अवलंबून नाही. मिस्टरांचं ७५ टक्क्यांचं पिवळं कार्ड काम करूनही पिवळंच राहणार. एसटीची ७५ टक्के सवलत राहते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं कवच १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, तेही निराधारच्या पगाराला बांधलेलं नाही. फक्त रेशनकार्ड चालू असू द्या. (लाडकी बहीणचं गणित निराळं. ज्या बाईला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळतात ती त्यात बसत नाही. तुमच्या घरी निराधारचा पगार मिस्टरांच्या नावावर आहे, तुमच्या नाही.)

शारीरिक अपंगत्वाचे टक्के काम केल्याने कमी होत नाहीत. ते स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, शरीराचा कोणता भाग गेला यावर ठरतात. तुमच्या भावाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती नीट समजून घ्या. मानसिक आजाराचे टक्के आयडियाज नावाच्या मापनपट्टीवर काढतात. त्यात चार भाग: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यात आजाराच्या काळाचे एक ते चार गुण मिळवायचे, एकूण वीस. सात गुणांना ४० टक्क्यांची रेघ लागते. म्हणजे इथे "काम" हा थेट मोजायचा भाग आहे. असे दाखले बहुधा ठरावीक मुदतीचे असतात आणि फेरतपासणी होते. तिथे घरचे कौतुकाने म्हणतात, "आता कामाला लागलाय, चांगला कमावतो." डॉक्टर तेच लिहितात आणि ५५ चे ३५ होतात.

खोटं बोलायला मी सांगत नाही. पूर्ण खरं सांगा, तुकडा नाही. दोन तासांचं काम करायला त्याला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, आठवड्यात किती दिवस बसताच येत नाही, प्रूफं परत कोण तपासतं, पैशांचं बोलणं कोण करतं, औषधाच्या गुंगीमुळे सकाळ कशी जाते. हे तीन महिने कॅलेंडरवर लिहा: बसला त्या दिवशी तासांचा आकडा, नाही बसला त्या दिवशी फुली. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असो, मेयो हॉस्पिटल असो की प्रादेशिक मनोरुग्णालय, फेरतपासणीला ते कॅलेंडर घेऊन जा. डॉक्टरांना ओपीडीत दहा मिनिटं मिळतात, त्या दहा मिनिटांत फुल्या स्पष्ट दिसतात.

त्याच्या पुढच्या आयुष्याचा आधार दोन तासांची प्रूफं नाहीत, वडिलांनंतरचं कुटुंब निवृत्तिवेतन आहे. केंद्र सरकारच्या सेवेतल्या निवृत्तांच्या अपंग मुलांसाठी उत्पन्नाची अट २०२१ मध्ये सैल झाली आणि ती रेल्वेलाही लागू आहे. मुलाचं इतर उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा यापेक्षा, कमी असलं पाहिजे. शेवटचा पगार ५०,००० असेल तर १५,००० अधिक महागाई दिलासा. प्रूफांचे तीन-चार हजार त्याच्या आसपासही जात नाहीत, तेव्हा काम बिनधास्त चालू ठेवा. पण वडील असतानाच दोन गोष्टी करून घ्या: भावाचं नाव अपंग अपत्य म्हणून पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, चढवणं, आणि मानसिक आजार असल्यामुळे त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या पालकाचं नामनिर्देशन. वडील स्वतः अर्ज करतात तेव्हा हे दोन-चार कागदांचं काम असतं. नंतर तेच वारसांना सिद्ध करावं लागतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाचे वडील राज्य सरकारचे निवृत्त असतील तर तिथल्या नियमाची भाषा "उपजीविका कमावण्यास असमर्थ" अशी आहे, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्रात ते शब्द आले आहेत का, हे बघणं जास्त गरजेचं.

हिंगणा, बुटीबोरीचे कामगारही हे वाचत असतील म्हणून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, याबद्दल थोडक्यात. कामावरच्या अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर असतो, नंतर कमावलं तरी तो थांबत नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा आणि आजारपणाचा लाभ मात्र रोजाच्या हिशोबाने असतो. ज्या दिवसाचं "कामास अयोग्य" प्रमाणपत्र दिलं त्या दिवशी घरी बसून मोबदल्याचं काम केलं तर त्या दिवसाचा हक्क जातो. डॉक्टरांनी योग्य ठरवेपर्यंत घरचं कामही धरू नका.

परत तुमच्या मिस्टरांकडे. जीएसटीच्या कामाचा महिन्यात दोनदा लोंढा येतो: महिन्याचं विवरण असेल तर जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २० तारीख. दुकानदार बिलं ८ ला पाठवतो आणि १० च्या रात्री फोन करतो. दिवसाला तीन-चार तास हे बोलण्यापुरतं राहतं आणि ९-१० तारखेला बारा तास बसणं होतं. कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला याची किंमत बेडसोरने, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेने, मोजावी लागते, आणि एक जखम तीन महिने झोपवते. म्हणून कामाच्या अटी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या: बिलं दर शनिवारी येतील, शेवटचा गठ्ठा ३ तारखेपर्यंत, महिन्याला इतक्या बिलांच्या वर गेलं तर जादा दर, पैसे २५ पर्यंत. बसण्याचा नियम: दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून एक-दोन मिनिटं बुडावरचा भार हलका करायचा. मोबाईलवर गजर लावा, नोंदींच्या नादात वेळ कळत नाही. खाली साधी उशी नको, दाब सगळीकडे विभागणारी गादी हवी. जाड शिवणीची पँट नको. रोज रात्री आरशाने किंवा तुमच्या नजरेने त्वचा बघायची. लाल डाग दाबून फिका पडत नसेल तर दुसऱ्या दिवशी बसायचं नाही, मग तारीख ११ असो की २०.

मे महिन्याचं आधीच ठरवून टाका. मणक्याला वर मार असेल तर खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, शरीर तापतं आणि कळतही नाही. ४५ अंशांच्या दिवसांत काम सकाळी सहा ते नऊ आणि रात्री, दुपारी कॉम्प्युटर बंद. कूलर आठ तास चालला तर दिवसाला दीड युनिटच्या आसपास जातं, त्यातला कामाच्या तासांचा वाटा खर्चाच्या पानावर लिहा.

शेवटचं, पण याकडे दुर्लक्ष करू नका. दिव्यांग आणि घरकाम म्हटलं की लुबाडणारे मागे लागतात. "फॉर्म भरा, पानाला इतके" म्हणत आधी नोंदणी फी घेणारे, आणि काम चुकलं म्हणून वकिलाच्या नोटिसा पाठवणारे, यांना एक रुपया देऊ नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा. "तुमचं खातं फक्त वापरायला द्या, महिन्याला पाच हजार" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या खात्यात चोरीचे पैसे फिरले की खातं गोठतं, आणि त्याच खात्यात निराधारचा पगार येत असेल तर तोही अडकतो. जीएसटीच्या कामात आणखी एक धोका आहे. कोणी "पार्टनर करून घेतो" म्हणत मिस्टरांचं आधार, पॅन, घराचं वीजबिल आणि ओटीपी मागितला तर देऊ नका. त्यावर त्यांच्या नावाने जीएसटी नोंदणी निघते, कोट्यवधींची खोटी बिलं फाडली जातात, आणि उत्पन्नाचा दाखला मागायला गेल्यावर ती उलाढाल पुढे येते. दर तीन महिन्यांनी जीएसटी पोर्टलवर "सर्च बाय पॅन" मध्ये मिस्टरांचा पॅन टाकून बघा. तिथे एकही नोंदणी दिसायला नको. दिसली तर त्याच दिवशी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.